घड्याळजी कुठून आला?

कोटांच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर यंत्रं नाहीत. ती सगळी खाली. वर येतो तो कोट अर्धामुर्धा असतो: अस्तर लोंबतंय, कॉलरच्या पोटातला कॅनव्हास उघडा पडलाय, बटणांच्या जागी खडूच्या फुल्या. पुढचं काम हाताचं. लांब टेबलाभोवती बायका बसून तुरपाई करतात, बटणं लावतात, आणि टेबलाच्या टोकाला इस्त्रीवाला वाफेत उभा असतो. त्याला सगळ्या वाफोबा म्हणतात. खालची घरघर वर येते ती तळपायांना कळण्यापुरती. कान मोकळे राहतात, म्हणूनच तिथे वाचनाची पद्धत पडली.

पद्धत अशी की एकीनं खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मोठ्यानं पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी शिवता शिवता ऐकायचं, आणि वाचणारीच्या वाट्याचे कोट आपसात वाटून घ्यायचे. मुकादमाला दिवसाचे कोट भरले की झालं. ते कुणाच्या सुईखालून गेले याच्याशी त्याला कर्तव्य नसे.

वाचणारीला मैना म्हणत. सुई सोडून बोलायला लागली, म्हणून मैना. तिचा बाप रद्दी घ्यायचा. लहानपणी घरात पोत्यानं पुस्तकं यायची, पण धड एक नसायचं. कुणाचं तोंड गेलेलं, कुणाचं शेपूट. राजकन्या पळून गेली, ती कुणाबरोबर हे पुढच्या पोत्यात निघालं तर निघालं. शाळा लवकर सुटली. वाचायची खोड सुटली नाही. अर्ध्या पुस्तकावर पोट भरायची सवय तिला तेव्हापासूनची. आवाज गोड नव्हता, खणखणीत होता. इस्त्रीची वाफ फस्सकन सुटली तरी शब्द बुडत नसे.

तिला खुर्ची मिळाली तेव्हा ती चांगली शिवत होती. गेल्या काही हिवाळ्यांत बोटांची पेरं सुजली आणि हात आल्याच्या गड्ड्यांसारखे वेडेवाकडे झाले. सुई धरली की दोन टाक्यांत निसटायची. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मांडीवर एक कोट, त्यात टोचलेली सुई, एवढी मांडामांड ती रोज सकाळी करत असे. बघणाऱ्याला वाटावं, बाई वाचता वाचता दोन टाके घालत असेल. खरं काय ते नवऱ्याला ठाऊक होतं, कारण तिच्या स्वेटरची बटणं तोच लावायचा. वाचन गेलं की सुई हातात येणार, आणि सुई हातात आली की घरचा रस्ता. यात तिला काही शंका नव्हती.

टेबलाला रहस्यकथा लागत. प्रेमाच्या कादंबऱ्याही चालत, पण "कोण कुणाला मिळणार ते मुखपृष्ठावरच कळतं, मग आत जायचं कशाला?" असं काकूंचं म्हणणं. काकू टेबलावर सगळ्यांत जुन्या. त्यांनी वाचनाला एक नियम घालून दिला होता. मागे एकदा मैनानं घरी पुढचं वाचून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी खुनी दारातून आत आला आणि वाचताना तिची भुवई अशी काही उडाली की अख्ख्या टेबलानं त्याला जागच्या जागी धरला. त्या दिवसापासून पुस्तक बटणांच्या खणात कुलपात आणि किल्ली काकूंच्या खिशात. वाचणारीनं टेबलापेक्षा एक पानही पुढे जायचं नाही.

दुसरा एक नियम होता, पण तो कुणी घातला हे सगळ्या विसरल्या होत्या. अगदी सुरुवातीच्या दिवसांत मैना एखादी सकाळ वाचायची, धुकं, दंव, पाखरं, तेव्हा कात्री ओरडायची, "अगं, ते ढग वळतील घरी आपापले! मेलेल्या माणसाचं काय झालं ते सांग." कात्री म्हणजे टेबलावरची सगळ्यांत चुरचुरीत जीभ. काकूही म्हणायच्या, "पुढे घे गं." मग मैना पुढे घ्यायला शिकली. डोळा पानावरून घरंगळत खाली जायचा. ऊन, पाऊस, पडदे, झुंबरं, बाग असलं काही दिसलं की तो तिथे थांबायचाच नाही, थेट जिथे कुणी बोलतंय तिथे उतरायचा. आवाजाला ठेच लागत नसे. पुढे पुढे सांगावंही लागेना. नंतर आलेल्या पोरींना तर वाटायचं की पुस्तकं अशीच असतात, नुसती हाडं. मैनालासुद्धा आपण काही गाळतो याचं भान उरलं नाही. सुपात धान्य पाखडणारीला कोंडा कुठे दिसतो?

असं चाललं होतं. मग वाफोबानं रेडिओ आणला.

"गाणी, बातम्या, सगळं," तो म्हणाला. "आणि खुनी कोण म्हणून कुणाचं जेवण राहत नाही."

कात्रीनं जे सगळ्यांच्या मनात होतं ते बोलून टाकलं. "आणि रेडिओ आपले कोट दुसऱ्याच्या मांडीवर टाकत नाही."

मैना हसली. तिनं ते हसण्यावारी नेलं. मुकादमानं दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हातातलं नवं पुस्तक संपू दे. मग टेबलानं काय ते ठरवावं. मला कोटांशी मतलब."

हातातलं पुस्तक मैनानं निवडून आणलं होतं. चांगलं जाडजूड. वाचनालयातला माणूस म्हणाला होता, "शेवट सांगत नाही, बाई. पण न्या ते शेवटासाठीच न्या." एवढ्या भरवशावर तिनं ते नेलं.

गोष्ट अशी होती. नदीकाठच्या बंगल्यात एक म्हातारा शेठ. रात्रीच्या दुधातून त्याला विष घातलं गेलं. घरात दुसरी बायको, उधळ्या पुतण्या, भागीदार आणि आजारपणात ठेवलेली नर्स. दूध खोलीत गेलं त्या वेळी प्रत्येकजण कुठे ना कुठे दुसरीकडे होता, आणि प्रत्येकाला साक्षीदार होता. टेबलाची लगेच वाटणी झाली. काकूंचा नर्सवर दात. "इतकी गोड बोलणारी बाई मी पगाराशिवाय पाहिलेली नाही," त्या म्हणायच्या. कात्री पुतण्यामागे लागली होती. दोघीतिघी बायकोच्या बाजूनं होत्या. वाफोबा रेडिओचा माणूस असूनसुद्धा एकदा वाफेतून ओरडला, "भागीदार! लिहून घ्या!" आणि मग आपण ऐकत होतो हे कळलं म्हणून उगाच इस्त्री आपटत बसला.

इतकं रंगलेलं पुस्तक मैनाला आठवत नव्हतं. दुपारी जेवताना बायका एकमेकींचे डबे सोडून एकमेकींचे खुनी चिवडायच्या. रेडिओ कोपऱ्यात फडक्याखाली गप्प होता. मैना मनात म्हणायची, आता याचा शेवट उतरला की वर्षभर तरी कुणी फडकं उचलत नाही.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी मुकादमसुद्धा जिन्याच्या तोंडाशी रेंगाळत होता. गुप्तहेरानं सगळ्यांना बैठकीच्या खोलीत जमवलं. मैनानं आवाज खाली आणला. "या घरातली सगळी घड्याळं त्या रात्री एकच वेळ दाखवत होती," गुप्तहेर म्हणाला, "आणि ती वेळ खोटी होती." सुया थांबल्या. "सगळी घड्याळं एकाच वेळी चुकवू शकेल असा या घरात एकच माणूस येतो. दर आठवड्याला येतो, शिडी लावतो, किल्ली देतो आणि जातो. त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही." आणि दाराजवळ उभ्या असलेल्या घड्याळजीनं खाली मान घातली.

मैनाचं वाक्य संपलं.

"कोण?" काकू म्हणाल्या.

"घड्याळजी."

"कुठला घड्याळजी?"

"इथे आहे," मैना म्हणाली आणि तिनं ती ओळ पुन्हा वाचली. दुसऱ्यांदा वाचूनही घड्याळजी होता तितकाच परका राहिला.

मग जे उसळलं त्याला कोट, सुया, मुकादम कशाचीच भीड राहिली नाही. "महिनाभर आम्ही त्या नर्सच्या पदरामागून फिरतोय, आणि हा कोण आयत्या बिळावरचा नागोबा?" काकू. "खोदला डोंगर आणि निघालं घड्याळ!" कात्री. "लेखकाला सापडेना म्हणून रस्त्यावरचा पकडून आणला." कुणीतरी म्हणालं की उरलेली दोन पानं वाचूच नकोस, काय करायचीत? त्या बिचाऱ्या घड्याळजीला एक बहीण होती, शेठनं तिची वाताहत केली होती, असं त्या दोन पानांत होतं. तेही मैनानं वाचलं. त्यावर कात्री म्हणाली, "आता बहीण! अजून कुणी यायचंय का, वेळ आहे."

सगळ्यांत जास्त मैनाच कष्टी झाली होती. तिला फसवल्यासारखं वाटत होतं. इतकी चांगली चार माणसं उभी करायची आणि त्यांतलं एकही कामाला लावायचं नाही? ती म्हणाली, "पुस्तक परत करताना मी त्या वाचनालयवाल्याला दाखवणार आहे. म्हणे शेवटासाठी न्या!"

"दाखव," काकू म्हणाल्या आणि खणाची किल्ली टेबलावर ठेवली. "आता कुलूप कशाला."

वाफोबानं रेडिओवरचं फडकं काढून घडी घातली.

संध्याकाळी नवरा बटाटे सोलत बसला होता. बसवर ड्रायव्हर होता, आता घरी असतो. रोज तिच्या तोंडून त्या दिवशीची गोष्ट ऐकायची हा त्याचा शिरस्ता, कारण स्वतः वाचायचं म्हटलं की त्याला झोप यायची.

"मग? कुणी मारलं?"

"घड्याळजीनं."

"कुठला घड्याळजी?"

"तेच तर! अहो, नव्हताच. शेवटच्या पानावर उगवला."

नवऱ्यानं सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "असं कसं? गाडी ठोकली की पुढे कुणी बघत नाही, आधी मागचा रस्ता बघायचा. माणूस आडवा आला तो कुठून तरी आला असेल."

"काही आला नव्हता. दाखवते तुम्हाला."

लेखकाची चोरी पकडायची म्हणून तिनं पुस्तक पहिल्यापासून उघडलं. पंजानं पान उलटायची तिची पद्धत होती, बोटांनी नव्हे. पहिलं प्रकरण. बंगल्यावर पिवळसर ऊन उतरलेलं, गालिचा, पितळी फुलदाण्या, धूळ, अशी दीड पानं. तिचा डोळा सवयीनं घसरायला लागला. तिनं तो परत वर ओढून आणला. उन्हाच्या त्या तिरिपेत, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, एक माणूस भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होता.

तिनं पान उलटलं, मग आणखी काही पानं. पुढे पाऊस होता, सगळा परिच्छेद भिजलेला. त्यात शेवटी मागच्या दाराशी छत्री झटकणारा घड्याळजी. पुढे बाग. बागेतल्या बाकावर डबा खाताना तो पाकिटातला एका मुलीचा फोटो बघत होता. पुढे जिन्याचं वर्णन, त्यात जिन्यातलं मोठं घड्याळ, आणि घड्याळापाशी तो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लेखकानं त्याला लपवला होता तो उघड्यावर, घाईचा वाचक जिथे बघत नाही नेमका तिथे. मैनाएवढा घाईचा वाचक मात्र त्या लेखकानं गृहीत धरला नसेल.

"सापडला?" नवऱ्यानं विचारलं.

"पहिल्या पानापासून आहे."

"मग वाचला का नाहीस?"

नवऱ्यानं उरलेले बटाटे सोलले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हे सांगितलं तर मी खोटी ठरते. नाही सांगितलं तर पुस्तक खोटं ठरतं, आणि खोट्या पुस्तकापेक्षा मग रेडिओच बरा. कसंही धरा, खुर्ची गेली."

"दोन्हीकडून रस्ता बंद असला," नवरा म्हणाला, "की गाडी उभी करायची, खाली उतरायचं आणि लोकांना सांगायचं, बाबांनो, पुढे जात नाही. शिव्या देतात. पण हॉर्न वाजवत बसलं तर जास्त देतात."

सकाळी रेडिओ टेबलावर आला होता, तार लावून तयार. मैना आपल्या खुर्चीत बसली, मांडीवर कोट घेतला आणि पुस्तक उघडलं.

"संपलं ना ते?" कात्री म्हणाली.

"थोडं राहिलंय." आणि प्रस्तावना न करता तिनं वाचलं. ऊन, गालिचा, फुलदाण्या, शिडी. मग पाऊस आणि छत्री. बाकावरचा फोटो वाचून होईतो काकूंची तुरपाई थांबली होती.

"थांब. हा तिथे होता?"

"होता."

"आणि आम्ही कुठे होतो?"

"तुम्ही इथेच होता, काकू. मी गाळला. ऊन-पाऊस गाळते ना मी, त्यात गेला."

एक पोरगी हळूच म्हणाली, "म्हणजे मागच्या पुस्तकातली ती तळ्यात बुडालेली बाई... ती बुडाली ना नक्की?"

"बुडाली."

"नक्की?"

"बहुतेक," मैना म्हणाली. तळ्याचं वर्णन मोठं होतं.

त्या 'बहुतेक'नं घात केला. प्रत्येकीला आपापली जुनी पुस्तकं आठवायला लागली. कुणाचा नवरा परत आला होता, कुणाचा नव्हता, आणि आता कशाचीच खात्री उरली नव्हती. काकूंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्या चिडलेल्या दिसत नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

"मैने, आम्ही तुझे कोट अख्खे शिवले. एकाची बाही सोडली का कधी? आणि तू आम्हाला अर्धं अर्धं पुस्तक देत होतीस."

"तुम्हीच म्हणायचात ना, पुढे घे?"

"कधी?"

"म्हणायचात," वाफेतून आवाज आला. "ढग नकोत, धुकं नको. मी इथे बारा महिने ढगात उभा असतो, मला विचारलं कुणी?"

"तुम्ही तुमचा रेडिओ बघा!" कात्री म्हणाली. पण तिची मान जरा खाली गेली होती. तिला आपला आवाज आठवला असावा.

काकूंनी निकाल दिला तो त्या टेबलाच्या रिवाजाप्रमाणे. तिथे बिघडलेला कोट टाकून देत नाहीत. ज्याच्या हातून बिघडला त्यानंच तो उसवायचा, त्यानंच पुन्हा शिवायचा, आणि ते काम दिवसाच्या कोटांत धरायचं नाही. "पुस्तक पहिल्यापासून वाच," काकू म्हणाल्या, "ऊनबीन सगळं. पण उसवणीचं काम दुसऱ्याच्या माथी मारायचं नसतं. हे पुस्तक होईपर्यंत तुझे कोट तू शीव."

कुणालाही तो निकाल न्यायाचाच वाटला असता. मैनानं मांडीवरचा कोट उचलून टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी आपले दोन्ही हात ठेवले, पालथे.

"सुई धरवत नाही, काकू."

बायकांनी हात बघितले. रोज समोर असलेले हात, पण पुस्तकाच्या मागे असायचे.

"मग हा कोट?" काकूंनी विचारलं. "रोज घेऊन बसतेस तो?"

"गेल्या हिवाळ्यापासून हाच आहे."

जिन्याच्या तोंडाशी मुकादम उभा होता. "हा इथे आहे?" तो जवळजवळ ओरडला. "अरे, खालच्या पोरांना मी चोर ठरवलं या कोटावरून! कपाटं उपसली!"

कात्रीला हसू फुटलं. ते दाबायला तिनं तोंडात दोरा धरला, तरी फुटलंच, आणि तिच्या मागून बाकीच्यांना. काकू हसल्या नाहीत. त्यांनी कोट ओढून घेतला, अस्तर उलटं केलं आणि मुकादमाकडे न बघता म्हणाल्या, "मिळाला ना? जा आता."

मुकादम गेला नाही. त्याला हात दिसले होते. सुई न धरणारं माणूस टेबलावर ठेवायचं कुठल्या कामाखाली, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. तेव्हा वाफोबा इस्त्री आडवी ठेवून पुढे आला. त्याचा हिशेब साधा होता आणि त्यात दयामाया नव्हती. कोट इस्त्री झाल्यावर त्यावरचा खडू झाडायचा, दोऱ्याची तुसं काढायची, कॉलरवर ब्रश फिरवायचा हे काम त्याच्याच गळ्यात होतं, आणि त्यानं त्याची कंबर जायची. "ब्रश मुठीत धरायचा असतो," तो म्हणाला. "बाईला सकाळी माझ्याकडे द्या. मला हात मिळतो. सकाळी मी रेडिओ लावणार, तेवढं मात्र बोलायचं नाही कुणी. दुपारी वाचा तुमचं काय ते."

"दुपारचे तिचे कोट?" मुकादमानं विचारलं.

"ते आम्ही बघू," काकू म्हणाल्या. "पण कात्री शेजारी बसेल पानावर नजर ठेवून. तिला वाचता येतं. हळू येतं, पण येतं."

मुकादमानं मनात कोट मोजले. भरत होते. तो खाली गेला.

सकाळभर मैनानं मुठीत ब्रश धरून कॉलरी झाडल्या. खडूची पूड तिच्या बाहीवर बसत होती आणि रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. दुपारी खुर्चीत बसून तिनं पहिलं पान उघडलं. शेजारी कात्री, ओळीखाली बोट धरून. ऊन सुरू झालं. बंगल्याच्या कौलांवर, मग गच्चीवर, मग खिडकीतून आत.

"हे ऊन किती आहे?" कात्रीनं कुजबुजत विचारलं.

"दीड पान."

"बाई गं."

दोघीतिघींनी जांभया दिल्या. एकीनं तर सरळ सांगितलं की रेडिओ बरा होता. मैना वाचत राहिली, फुलदाण्या, धूळ, गालिच्याची किनार. मग शिडी आली, आणि टेबलाकडे न बघताही तिला कळलं की सुया हळू झाल्यात.

घरी आली तेव्हा नवरा दारातच उभा होता.

"खुर्ची ठेवली का?"

"ठेवली. अर्धी."

"अर्धी म्हणजे कोणती?"

"दुपारची," ती म्हणाली, आणि बाहीवरचा खडू झाडत आत गेली.